निळीची हद्द

शुभंकर कधी आवाज चढवत नाही, याचं उत्कर्षाच्या माहेरी केवढं कौतुक! चढवणार कशाला? ते खातं लग्नापासून उत्कर्षाकडे होतं. हिंजवडीच्या कंपनीत दिवसभर टीम हाकायची, बसमध्ये कंबर मोडून वाघोली गाठायची आणि आल्या आल्या सासूबाईंनी हलवलेले डबे दिसले की तोंडाचा पट्टा सुटायचा. शुभंकरच्या आई, इंदुबाई, गावाहून कायमच्या राहायला आल्यापासून तर रोजच. शुभंकर तेव्हा हॉलमधल्या टाकीपुढे बसून मासे बघायचा.

टाकीतही तेच चाललं होतं. निळी सिक्लिड मासोळी दगडांच्या कपारीत ठाण मांडून बसली होती. जवळ येईल त्याला चावायची. एका पिवळ्याची शेपटी नावालाच उरली होती.

रविवारी शुभंकरने निळीला जाळीत धरून छोट्या टाकीत सोडलं. मग मोठ्या टाकीतले सगळे दगड काढून वेगळेच रचले.

"हिला चार दिवस बाजूला ठेवायचं," तो म्हणाला. "तोवर बाकीचे आपापली जागा धरतात. परत सोडली की तिला घरच ओळखू येत नाही. आपोआप गप्प होते."

"बिचारी," उत्कर्षा म्हणाली.

"बिचारी कसली? सुखाने राहते की."

त्याच आठवड्यात तो म्हणाला, "फार दमलीयेस गं. चार दिवस माहेरी जाऊन ये."

तिची नजर छोट्या टाकीकडे गेली. मग स्वतःचीच लाज वाटली. नवरा आपणहून माहेरी पाठवतोय आणि आपण माशांचं काय घेऊन बसलोय! ती लातूरला गेली. शुभंकर रोज फोनवर म्हणायचा, "राहा अजून, घाई नको." ती राहिली.

परतली तेव्हा दार इंदुबाईंनी उघडलं. सोफा खिडकीखाली गेला होता. तिचं कपाट मागच्या खोलीत, कॉम्प्युटरचं टेबल बाल्कनीत रद्दीशेजारी. स्वयंपाकघरात शेगडीसुद्धा ओट्याच्या दुसऱ्या टोकाला. भांडायला तिने तोंड उघडलं, पण सुरुवात कुठून करावी तेच कळेना. घर आधीपेक्षा ऐसपैस दिसत होतं, हीच तर पंचाईत.

"पाणी घे गं, दमली असशील," म्हणत इंदुबाईंनी तिच्यापुढे तांब्या-भांडं ठेवलं. अगदी मायेने, पाहुण्यांपुढे ठेवतात तसं.

ती पाणी प्यायली. तिला भीती वाटत होती, आणि तक्रार करावी असं तर कुणीच काही केलं नव्हतं. चहा तरी घ्यावा म्हणून ती ओट्यापाशी गेली. एक कपाट उघडलं, दुसरं उघडलं. मग मागे वळून हळूच म्हणाली, "आई, चहा करू का?"

"कर की! थांब, साखर मी काढून देते."

शुभंकर टाकीपुढून उठून आला. तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाला, "बघ, किती शांत वाटतंय घर."

रिकामं पातेलं हातात धरून उत्कर्षा साखरेची वाट बघत उभी राहिली.