ठासणीच्या बंदुकीतली दारू

नाताळ सरला की पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात ठासणीच्या बंदुकांनी हरणं मारायचा हंगाम सुरू होतो. ऑर्विनच्या बंदुकीची दारू मोजायची ती त्याच्या बायकोने, व्हर्नानेच. लग्नापासूनचा शिरस्ता. नव्वद ग्रेन, म्हणजे जेमतेम सहा ग्रॅम, मापून छोट्या नळीत ओतायची आणि बूच लावायचं.

यंदा ती नव्वद भरायला धजेना. ऑर्विन डावखुरा. बंदुकीचा दस्ता टेकायचा डाव्या खांद्याला, आणि उन्हाळ्यात डॉक्टरांनी पेसमेकर बसवला तो नेमका त्याच खांद्याखाली. दारू जास्त तितका बंदुकीचा धक्का मोठा, आणि त्या धक्क्याने आतली तार निसटली तर काय होईल हे त्यांनी नीट समजावलं होतं. ऑर्विनने या कानाने ऐकलं, त्या कानाने सोडलं. त्यात त्याचा भाऊ डेल्मर चिडवून गेला, की पन्नास ग्रेन भरणाऱ्याने बंदूक खाली ठेवावी आणि पिचकारी घ्यावी.

"नव्वदच भर," बूट चढवताना ऑर्विन म्हणाला. "मी काही म्हातारा झालेलो नाही."

व्हर्नाने पाठ फिरवली आणि पन्नास भरली.

तो गेला आणि तिला धडकीच भरली. कमी दारूने हरीण नुसतं जखमी झालं, तर हा शहाणा बर्फातून रक्ताच्या मागावर धावत सुटणार. खांदा वाचवायच्या नादात आपण त्याचं काळीजच पणाला लावलं की काय!

दुपारी टेकडीमागून बार ऐकू आला. फुसका. पन्नासचासुद्धा इतका फुसका नसतो. पुढे हाक नाही, शिट्टी नाही. एप्रनवरच कोट चढवून व्हर्ना धावत सुटली.

ऑर्विन एका ओंडक्यावर बसला होता. जिवंत होता. पायाशी बर्फावर काळी दारू सांडली होती. कुठे लागलं का, असं तिने विचारलं. त्याने नकारार्थी मान हलवली आणि नजर चुकवत सांगितलं, की हरणी अगदी जवळ उभी होती, पण त्याने डोळे मिटून चाप ओढला. गोळी कुठे गेली देव जाणे. हरणी आपल्या वाटेने निघून गेली.

"आणि ही दारू?"

"अर्धी ओतून टाकली. भरताना हातच चालेना." तो बुटाने त्या काळ्या दारूवर बर्फ ढकलू लागला. "मला फार भीती वाटते गं, व्हर्ना. तू झोपलीस की मी ते यंत्र चाचपत पडतो, चालू आहे का बंद पडलं म्हणून. डेल्मरला सांगू नकोस."

आपण पन्नासच भरली होती, हे तिच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं. फुशारक्या मारणाऱ्या ऑर्विनला तिने जन्मभर सांभाळलं होतं. हा माणूस तिला नवा होता.

तिने बंदूक आपल्या खांद्याला अडकवली आणि उतारावर त्याच्यापुढे हात केला. एरवी त्याने तो झटकला असता. आज त्याने मुकाट्याने धरला, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली.