वाणात गेलेल्या बशा

दार उघडलं आणि पहिली नजर गेली ती योगिनीच्या मांडीवरच्या बशीकडे. सोनेरी काठ, निळी फुलं. अहो, माझी बशी!

घरी संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. इथे सिंगापुरात जुरोंग ईस्टला ऑफिसात मीटिंग लांबली, म्हणून शेजारच्या योगिनीला फोन करून सांगितलं होतं, बायका आल्या तर कुंकू तू लाव, वाण मात्र आई देतील. आई म्हणजे माझ्या सासूबाई, आशालता. सासरे गेल्यापासून हळदीकुंकू म्हटलं की त्या आतल्या खोलीत दार लोटून बसायच्या. यंदा मीच हट्ट धरला, वाण तुमच्याच हातून लुटायचं. केवढ्या मिनतवाऱ्या केल्या तेव्हा कुठे तयार झाल्या.

आणि आता त्या हसत हसत माझ्या बशा वाटत होत्या.

कित्येक वर्षं जमवल्यात हो मी त्या! अमेरिकेत हे डिझाइन बंद होऊन जमाना झाला. माझा नवरा शैलेंद्र मरीन इंजिनियर. तिकडच्या बंदरात जहाज लागलं की जुन्या बाजारात हिंडायचा आणि सापडलेली बशी कामाच्या बॉयलरसूटमध्ये गुंडाळून आणायचा. बाकीच्या मी सिंगापूर सोडून जाणाऱ्या अमेरिकन बायकांच्या मागे लागून मिळवल्या. गेल्याच आठवड्यात संच पुरा झाला होता.

"आलीस? पलंगाखालच्या खोक्यात सापडल्या बघ," आई म्हणाल्या. "तू टेबलावर ठेवलेल्या त्या प्लॅस्टिकच्या डब्या काय द्यायच्या! एवढ्या एकसारख्या बशा म्हणजे लुटायलाच आणल्या असणार. काय छान गं तुझी निवड!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बशा अजून घरातच होत्या, चुकून दिल्या म्हणून परत मागता आल्या असत्या. तेवढ्यात हळदीकुंकवाला आलेल्या स्मिताने हातावर लाडू ठेवला. तिळगूळ घ्या, गोड बोला. गोड बोला म्हणे! मी दात आवळून हसले.

मीनलने बशी उलटी करून पाहिली. "अनघा, ही जुनी अमेरिकन चिनी मातीची बशी ना? तू जमवतेस तीच?"

आईंचा हात जागीच थांबला. "जमवतेस?" त्यांचा चेहरा पार उतरला. आता खरं बोलले असते तर ही बाई पुन्हा कधी त्या खोलीबाहेर आली नसती.

"तीच गं, पण या जास्तीच्या," मी म्हणाले. "वाणासाठीच घेतल्या."

आईंच्या जिवात जीव आला. माझा राग गेला नव्हता, खोटं कशाला बोलू? पिशवीत जाणारी एकेक बशी मी मनात मोजत होते. शेवटची उरली ती आईंनी माझ्या हातात दिली. चला, एक तरी वाचली!

मग योगिनी कुंकवाचा करंडा घेऊन माझ्याकडे यायला निघाली. मध्ये आई होत्या. तिला वाट द्यायला त्या आपणहून मागे सरकल्या, भिंतीला टेकल्या आणि खाली बघत राहिल्या. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मी करंडा ओढून घेतला आणि आईंना हळदकुंकू लावलं.

"अगं, अगं! मला नाही चालत."

"मला चालतं. पदर पुढे करा."

आईंनी पदर पुढे केला आणि मी बशी त्यात ठेवली. पदराचं टोक त्यांच्या हातून सुटायला लागलं, तसा मी खालून हात लावला.

"धरा नीट, फुटेल ना!" मी खेकसलेच. नाहीतर तिथंच रडले असते.