स्टुलावरची उशी

"एक उशी आणायला दोघींनी कशाला जायचं?" असं मी म्हटलं खरं, पण तोवर पायांत चपला सरकवल्या होत्या. तालमीची खोली जुन्या गोदामाच्या वरच्या मजल्यावर. ताईच्या गुडघ्यांना आता ते जिने झेपत नाहीत, आणि एकटी गेली की ती तिथेच रेंगाळणार, हे मला पक्कं ठाऊक.

ताई बॅले कंपनीत पियानो वाजवायची. प्रयोगात नव्हे, रोज सकाळच्या सरावाला. पोरी दांडीला धरून पाय वर-खाली करणार आणि ही त्यांच्यासाठी वाजवणार. वडील म्हणायचे, ही मोठ्या मैफली गाजवेल. ही दोन महिन्यांपुरती म्हणून तिकडे गेली. तेव्हा कंपनी नवी होती. नाच शिकवणाऱ्या मास्तरांनी गोदामात फळ्या ठोकून ती उभी केलेली, गावोगावी प्रयोगांना बसायला जागा मिळायची नाही, आणि ताईचा पाय काही तिथून निघेना. लग्नाचंही तसंच राहून गेलं. पुढे चांगल्या नर्तकी राजधानी गाठायला लागल्या, मास्तर गेले, कंपनीची बस विकली, वर्षाला एक प्रयोग झाला तरी पुष्कळ अशी गत झाली. ताई मात्र ठाण मांडून बसलेली. गेल्या महिन्यात मास्तरांच्या जागी आलेल्या नव्या बाईंनी सांगून टाकलं, आता रेकॉर्डवर सराव घेऊ. माझ्या तर तळपायाची आग मस्तकात गेली. ताई एवढंच म्हणाली, "माझी उशी राहिली गं तिथे."

धापा टाकत पोचलो तेव्हा सराव संपत आला होता. आम्ही दारातच थांबलो. कोपऱ्यातल्या पियानोचं झाकण बंद, त्यावर एक काळा स्पीकर. समोर रिकामं स्टूल आणि त्यावर मीच शिवलेली, बसून बसून चपटी झालेली उशी. ताईचं लक्ष पोरींच्या पायांकडे होतं.

"ती शेवटची दमलीय बघ," ती पुटपुटली. "मी असते तर जरा सावकाश घेतलं असतं."

संगीत थांबलं. सराव संपला की पोरी आधी बाईंना वाकून अभिवादन करतात, मग वळून पियानोवालीला, आणि पियानोवाली बसल्या जागी मान लववते, अशी तिथली रीत ताईने मला कितीदा सांगितलेली. त्यांनी बाईंना अभिवादन केलं. मग कुणी काही न सांगता सगळ्याजणी आमच्याकडे पाठ करून कोपऱ्याकडे वळल्या आणि त्या रिकाम्या स्टुलापुढे वाकल्या. सवयच ती. एकीच्या ते मध्येच लक्षात आलं आणि ती अर्धवट वाकलेलीच राहिली.

अगं, ही इथे उभी आहे, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. ताईने माझा दंड घट्ट धरला. तिचे डोळे भरून आले होते. त्या पोरींच्या पाठीमागे, दाराच्या चौकटीला टेकून, तिने रोजच्यासारखी मान लववली.

जिन्यात आल्यावर मी म्हटलं, "आणि उशी?"

"असू दे. स्टूल फार कडक आहे ते."

त्यावर आता कोण बसणार होतं? तिचा हात धरून एकेक पायरी उतरत राहिले.