धरायला कुणी आलंच नाही

रोमहून कुणी बडा माणूस यायचा झाला की आमच्या गावात दोन कामं आधी व्हायची. चौकातल्या भिंतींना चुना लागायचा आणि चार माणसं आत जायची. चुन्याचं एक ठीक आहे, भिंत तरी बरी दिसते. पण ही चार माणसं काय बॉम्ब फेकणारी होती? छे! ओलिंदो मोची, तेर्त्सो लोहार आणि वीटभट्टीवरचे दोघे भाऊ. तरुणपणी कधी तरी लाल झेंडा धरला म्हणून आताच्या सरकारी पक्षाच्या काळ्या सदऱ्यांतल्या गुंडांनी त्यांना बाटलीभर एरंडेल पाजलं होतं, आणि तेव्हापासून त्यांची नावं ठाण्यात चिकटली ती चिकटलीच. मंत्री येण्याआधी उचलायचे, मंत्री गेला की सोडायचे. एवढं घाबरट सरकार, आणि चालणार मात्र छाती काढून!

ओलिंदोची बायको आर्जिया हिच्या तर हे इतकं अंगवळणी पडलं होतं, की दाराजवळच्या खुंटीवर पिशवी कायम भरलेली असायची. लोकरी मोजे, साबण, चीजचा तुकडा आणि पत्ते. पत्ते महत्त्वाचे. चौघं कोठडीत पत्ते कुटायचे आणि सुटून आल्यावर कुणी लबाडी केली यावरून आठवडाभर भांडायचे. गाव त्यांना मान द्यायचं. उघड नाही हो, उघड द्यायची कुणाची छाती? पण सुटून आलेल्या दिवशी बेकरीवाली पावाबरोबर एक पाव जास्तीचा टाकायची आणि तोंडातून चकार शब्द काढायची नाही.

त्या वर्षी ओलिंदोच्या लिबेराचं तेर्त्सोच्या इवोशी ठरलं होतं. इवोनं पंचविशी ओलांडली होती आणि बायको केली नाही म्हणून सरकार त्याच्याकडून कर उकळत होतं. "सरकारला माझ्या बिछान्याची एवढी काळजी आहे," तो म्हणायचा, "तर एखादी चादर तरी पाठवा म्हणावं!" लग्न शनिवारी होतं. आणि रविवारी, पक्षाच्या नव्या इमारतीचं उद्घाटन करायला मंत्री येणार, अशी दवंडी पिटली गेली.

"झालं!" ओलिंदो हसत म्हणाला. "दोघं व्याही आत. तुम्ही बायका लग्न लावा, आम्ही आतून गाणी म्हणतो."

पुढं ढकलावं, तर ईस्टरआधीचे उपासाचे चाळीस दिवस लागत होते. त्यात लग्नं होत नाहीत. इवो म्हणाला, "ढकलायचं कशाला? दोघांच्या खुर्च्या रिकाम्या ठेवू. सगळ्या गावाला कळेल कुणाच्या आहेत त्या." लिबेरालाही ते आवडलं. आर्जियाला नाही आवडलं. तिची एकुलती एक पोर. बापाच्या हाताला धरून ती घरातून निघावी, एवढं एकच आयुष्यात मागितलेलं, आणि त्यावरही या मेल्यांचा डोळा!

कुणाला न सांगता ती ठाण्यात गेली. फौजदार दक्षिणेकडचा, बोलायला मधाळ. संत्रं सोलत बसला होता. "बसा ना बाई," म्हणाला. आर्जिया बसली नाही, सरळ गुडघ्यांवर आली.

"या खेपेला त्याला राहू द्या, साहेब. पोरीचं लग्न आहे. तुमच्या लेकराबाळांची शपथ घालते."

"एवढंच ना? उठा, उठा." त्यानं एक फोड तोंडात टाकली. "फक्त ओलिंदो? का अजून कुणी?"

तेर्त्सोचं नाव अगदी ओठांवर आलं होतं. नवऱ्यामुलाचा बाप तो! पण तिच्या मनात आलं, मागणाऱ्यानं दोन्ही हात पसरले की देणारा मूठ मिटतो. एक पदरात पडतंय, ते आधी घ्यावं.

"एवढंच, साहेब," ती म्हणाली.

"राहू दे घरी," फौजदार म्हणाला. ती जवळजवळ पळतच घरी आली आणि पीठ मळायला बसली.

गुरुवारी तेर्त्सोला नेलं, भट्टीवरच्या दोघा भावांना नेलं. ओलिंदो कोट चढवून, पिशवी मांडीवर घेऊन दाराशी बसला. दुपार झाली, संध्याकाळ झाली.

"विसरले असतील," लाटलेल्या पोळीत भोपळ्याचं सारण भरत आर्जिया म्हणाली.

"सरकार पगार द्यायला विसरतं गं, धरायला नाही विसरत."

शुक्रवारी सकाळी तो पाव आणायला गेला. बेकरीवालीनं पाव दिला, पण वर पाहिलं नाही. तेर्त्सोची बायको एर्सिलिया समोरून येत होती, ती रस्ता ओलांडून पलीकडे गेली. दुपारी इवो आला. उंबऱ्याच्या बाहेरच उभा राहिला, डोक्यावरची टोपीही काढली नाही.

"काका, तुम्हाला न्यायला का नाही आले ते?"

"मला काय ठाऊक, पोरा?"

"लोक म्हणतात, तुम्हाला ठाऊक आहे." त्याचे डोळे भरून आले होते. "आई म्हणते, उद्याचं राहू द्या."

तो गेला. लिबेरानं हातातलं पातेलं जमिनीवर आपटलं. ओलिंदो उठला, पिशवी उचलली आणि तरातरा ठाण्याकडे निघाला. आर्जिया मागून धावली, पण तो कसला थांबतोय!

"मला आत घ्या!" ठाण्याच्या पायऱ्यांशी उभा राहून तो ओरडला. "मी काय केलं म्हणून मला सोडलंत? सगळ्यांसमोर सांगा!"

फौजदार बाहेर आला. अगदी प्रेमानं हसला. "अरे ओलिंदो, उद्या लग्न ना पोरीचं? आणि हे काय खूळ?" त्यानं ओलिंदोच्या खिशात एक चिरूट खोचला, त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि त्या नव्या चुन्याच्या चौकातून, कॉफीच्या दुकानासमोरून, सावकाश फिरवत त्याला पलीकडच्या टोकापर्यंत पोचवलं. दुकानातली सगळी माणसं बघत होती. बाटलीभर एरंडेल पिऊनही न वाकलेला माणूस, पण खांद्यावरचा तो हात झटकायचं त्याला सुचलं नाही. कुणीतरी जमिनीवर थुंकलं.

आर्जियानं मागून हे सगळं पाहिलं. ती तशीच एर्सिलियाकडे धावली.

"तो खबऱ्या नाही गं! मी गेले होते. मी गुडघे टेकले त्या मेल्यापुढं. त्याला यातलं काही ठाऊक नाही."

एर्सिलिया लग्नासाठी आणलेली कोंबडी परत खुराड्यात कोंडत होती. तिनं आर्जियाकडे नीट बघितलं आणि तिला ते लगेच पटलं. "वेडे," ती म्हणाली, "हे आधी नाही का सांगायचं?" आर्जियाला रडूच फुटलं. एर्सिलियानं तिच्या पाठीवर हात ठेवला. आणि मग तो हात थांबला.

"आणि तेर्त्सोसाठी काय म्हणाला तो?"

आर्जिया खुराड्यातल्या कोंबडीकडे बघत राहिली.

"त्याला नाही म्हणाला का? बोल की. मी काही तुला दोष देणार नाही."

खोटं बोलता आलं असतं. एका शब्दात सगळं निभावलं असतं. पण तिला ते जमलं नाही.

"त्यानं विचारलं होतं, अजून कुणी का म्हणून. मी म्हटलं, एवढंच."

एर्सिलियानं खुराड्याची कडी लावली, एप्रनला हात पुसले.

"खबऱ्या निदान पोटासाठी करतो गं," ती म्हणाली. "जा घरी."

घरी टेबलावर, फडक्याखाली, लग्नाचं पक्वान्न वाळून कडक झालं होतं. आर्जियानं नवऱ्याला आणि लेकीला सगळं सांगितलं, काही वगळलं नाही. लिबेरा उठली आणि तिनं आपले कपडे बांधायला घेतले. पुढच्याच आठवड्यात ती शहरात मोज्यांच्या कारखान्यात गेली, आईचा निरोप न घेता. ओलिंदो चिडलासुद्धा नाही. पिशवी खुंटीला लावली आणि इतकंच विचारलं, "पुढच्या खेपेला तरी येतील ना गं ते?"

नाही आले. फौजदाराला कोठडीपेक्षा स्वस्तातली युक्ती सापडली होती. त्यानंतर कितीतरी मंत्री आले, भिंतींवर चुन्याचे थर चढले, तिघं आत जात राहिले. त्या तिघांबरोबर पत्त्याला चौथा म्हणून पहारेकरी बसायला लागला. आणि दवंडी पिटली की इकडे ओलिंदो कोट घालून दाराशी बसतो, अंधार पडेपर्यंत बसतो, आणि आर्जिया दर वेळी पिशवीतलं जुनं चीज काढून ताजं घालते.