मागच्या माइकवरचा सा

"त्या खोकणाऱ्या म्हाताऱ्याला काढता येईल का हो?" संस्थेच्या चिटणिसांनी वाकून विचारलं.

"खोकल्याला काढता येईल," मी म्हणालो. "म्हाताऱ्याला तुम्ही काढा. दर वेळी पहिल्या रांगेत तुम्हीच बसवता."

ते हसले. मी विनोद केला नव्हता.

रविवारची सकाळ होती आणि गाणाऱ्या बाईंच्या पंचाहत्तरीच्या मैफलीचं मध्यंतर चाललं होतं. मी डाव्या विंगेत माझ्या घडीच्या टेबलापाशी हेडफोन गळ्यात अडकवून बसलो होतो. अठ्ठावीस वर्षं मी हेच करतोय. शास्त्रीय मैफलींचं रेकॉर्डिंग, आवाज आणि चित्र दोन्ही. लोक मला कानसेन म्हणतात, आणि तोंडदेखलं नाकारण्याइतका मी सभ्य नाही. बाकीच्यांना मैफल दिसते, ऐकू फक्त मला येते. डोळे मिटून गाणारे थोर बुवा दोन ओळींच्या मध्ये साथीदाराला हसतमुखाने काय शिव्या घालतात, हे मला ठाऊक आहे. ज्याच्या हळुवारपणावर पानंच्या पानं लिहून येतात तो व्हायोलिनवाला हळुवार जागी नाकाने शिट्टी वाजवतो, हेही ठाऊक आहे. आणि रसिक तर विचारूच नका. निम्मे 'वा' चुकीच्या जागी येतात, उरलेले निम्मे शेजाऱ्याचं ऐकून.

एवढ्या वर्षांत मनापासून मान द्यावा असं मला एकच रेकॉर्डिंग सापडलं होतं. बारा वर्षांपूर्वी, एका लहानशा हॉलमध्ये, ह्याच बाईंनी वरचा सा लावला होता. सरळ, न हलणारा, कुणाला काही दाखवायला न आलेला. नवे रेकॉर्डिस्ट माझ्याकडे आले की मी त्यांना तो ऐकवायचो आणि म्हणायचो, "ह्याच्या खालचं सगळं कचरा." बहुतेक जण दुसऱ्या दिवशी यायचे नाहीत. ते बरंच व्हायचं.

त्या सकाळी मैफलीच्या आधी बाई स्टेजवर येऊन बसल्या आणि मागे बसलेल्या सुनेकडे न बघताच मला म्हणाल्या, "हिचा माइक लांब ठेवा हं. ओरडते ती."

सून चाळिशीची. लग्नाआधीपासून बाईंकडे शिकलेली. मागे बसून त्यांना स्वराची साथ द्यायची, पाण्याचा थर्मास द्यायचा, घसरलेली शाल सावरायची. तिने मान हलवली आणि स्वतःच जरा मागे सरकली. मला असली माणसं आवडत नाहीत. ज्यांना पायपुसणं व्हायची हौस असते, त्यांच्यावर लोक पाय पुसणारच. पण माइक मी लांब ठेवला नाही. कुणी मला माइक कुठे ठेवायचा ते शिकवलं की मी नेमकं तेवढंच करत नाही.

मध्यंतरानंतर बाई चढत चढत वरच्या सापाशी आल्या. त्यांनी हात वर केला, तोंड उघडलं आणि सा लागला. सभागृह गप्प झालं. माझ्या समोर दोन माइकच्या आवाजाची पातळी दाखवणारे दोन काटे होते. बाईंचा काटा थरथरला आणि खाली पडला. मागच्या माइकचा उभा राहिला. अकरा सेकंद तो तसाच होता. बाई हात वर धरून बसल्या होत्या आणि गात सून होती. मग टाळ्यांचा कडकडाट झाला. बाईंनी डोळे उघडले आणि हात जोडून त्या टाळ्या घेतल्या. मागे सून थर्मासचं झाकण फिरवत होती.

सोमवारी दुपारी बाईंचा मुलगा माझ्या स्टुडिओत आला. आईचे कार्यक्रम, मुलाखती, पत्रव्यवहार सगळं तोच बघतो. आईच्या जोरावर त्याने पन्नाशी गाठली आहे. बरोबर बायको होती, तीच ती सून. ती दाराजवळच्या खुर्चीत बसली.

मी चित्र आणि आवाज जोडून त्याला ते अकरा सेकंद दाखवले. कॅमेरा बाईंच्या चेहऱ्यावर होता. सातव्या सेकंदाला त्यांचे ओठ मिटले होते, सा मात्र चाललाच होता.

"हं," तो म्हणाला. "इथे श्रोते दाखवा. कुणीतरी डोळे मिटून बसलेला असेलच."

"झोपलेले आहेत. चालतील?"

"चालतील. आणि हिचा आवाज मधे आणा. आईच्या जागी. आईचा जरा पोत द्या त्याला, तुम्ही करता तसं."

"म्हणजे ह्यांचा सा बाईंच्या नावावर."

"अहो, घरातलाच आवाज आहे," तो म्हणाला. "परक्याचा थोडाच घेतोय?" मग त्याचा फोन वाजला आणि तो बोलत बोलत जिना उतरून गेला.

मी तिच्याकडे खुर्ची वळवली. माझा राग खरं तर तिच्यावरच होता. त्याच्यावर रागवावं एवढा तो मोठा नव्हता.

"तुम्हाला काहीच म्हणायचं नाही?"

"कशाबद्दल?"

"चोरी चाललीय तुमच्यासमोर. आणि तुम्ही पर्स धरून बसलात."

तिने पर्सची चेन लावली. त्याने मी जास्तच चिडलो. "तुमच्या सासूबाईंचा बारा वर्षांपूर्वीचा सा आहे माझ्याकडे. तो ऐका. एके काळी त्या काय होत्या ते कळेल. त्यांना असल्या उसनवारीची गरज नव्हती."

"कुठला? त्या लहान हॉलमधला?"

"हो."

तिने मांडीवरची पर्स खाली ठेवली. "त्या दिवशीच पहिल्यांदा झालं," ती म्हणाली. "त्यांना दम्याचा त्रास नुकता सुरू झाला होता. श्वास तुटायच्या आधी त्यांचा उजवा खांदा वर येतो. तो दिसला आणि मी घेतला. विचार करायला वेळच नव्हता."

"शक्य नाही."

"बरं," ती म्हणाली.

मी ते रेकॉर्डिंग लावलं. तेव्हा माझ्याकडे दोनच माइक होते, समोर, मधोमध. बाई मधोमध बसल्या होत्या. सा मधून येत नव्हता. जरा डावीकडून येत होता, दोनेक फूट मागून. बारा वर्षं मी त्याला हॉलची गुंज म्हणत होतो. पोरांना समजावून सांगत होतो, की बघा, चांगला स्वर कसा जागा व्यापतो. मी तो तीनदा ऐकला. तिसऱ्या वेळी तर एखाद्या न कळणाऱ्यालाही कळलं असतं.

"कार्यक्रम संपल्यावर तुम्ही स्टेजवर आला होतात," ती म्हणाली. "बाईंच्या पाया पडलात. मी तिथेच वायरींपलीकडे शालीची घडी करत होते. मला वाटलं, ह्यांना तरी कळलं असेल. पुढचे दोन-तीन कार्यक्रम वाटत राहिलं."

मी रेकॉर्डिंग बंद केलं. मग म्हणालो, "हे काम मी करणार नाही. आहे तसं देतो. बघू दे लोकांना."

"मग हे दुसऱ्याकडे नेतील," ती म्हणाली. "तो घाईघाईत उरकेल, आणि जोड दिसेल. तुम्हीच करा. निदान स्वराचं तरी वाटोळं होणार नाही."

मी केलं. तासभर लागला. ती शेजारी येऊन बसली आणि एकदा फक्त म्हणाली, "पोत नका देऊ. आहे तसाच सरकवा. लोक ऐकून घेतात." तेही खरंच होतं. मग तिने हेडफोन मागितले. तिचा एकटीचा माइक लावून द्याल का म्हणाली. मी दिला. अकरा सेकंद तिने ताठ बसून, डोळे उघडे ठेवून ऐकलं. हेडफोन काढून रुमालाने पुसले आणि टेबलावर ठेवले.

"लागताना जरा घाई झाली," ती म्हणाली. "त्यांचा खांदा आता लवकर वर येतो."

"ह्याची एक प्रत देऊ तुम्हाला?"

"नको. घरी कुठे ठेवणार?"

तेवढ्यात मुलगा वर आला. मी त्याला नवीन जोड ऐकवली. झोपलेल्या श्रोत्यांवरून कॅमेरा फिरला आणि सा सगळीकडे पसरला. त्याने डोळे मिटले. ऐकता ऐकता त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. मी अठ्ठावीस वर्षांत बरेच खोटे अश्रू पाहिलेत. हे खरे होते.

"आई ती आईच," तो म्हणाला. "काय लावलाय."

"हो," ती म्हणाली.

ते गेल्यावर मी खिडकीशी उभा राहिलो. खाली त्यांची गाडी उभी होती. पुढच्या सीटवर कालच्या सत्काराचं चौकटीतलं मानपत्र पट्टा लावून ठेवलं होतं. त्याने स्टिअरिंगपाशी बसून दार लावून घेतलं. तिने मागचं दार उघडलं, सीटवरचे हार, शाली उचलून मांडीवर घेतल्या आणि बसली.