कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न

रावसाहेबांनी बायकोला कधी नावाने हाक मारली नाही. पाहुण्यांना मुक्ताईची ओळख ते एकाच शब्दात करून देत, “हे आमचं कुटुंब.” वाघोलीत त्यांच्या पिढीची ही रीतच होती. असल्या साध्या रीतीपायी कुणाचं शिक्षण सुटेल, असं कुणाच्या मनातही आलं नसतं.

त्यांची लेक शर्मिला पुण्यातल्या एका संस्थेत अर्थशास्त्रात एम.ए. करत होती. साल दोन हजार तीन. थोरला राकेश कॉम्प्युटर शिकून हडपसरच्या एका कंपनीत लागला होता आणि त्याचा एकट्याचा पगार बापाच्या फिटरकीच्या दुप्पट होता. बहिणीची फी तोच भरायचा, पण भरताना एक वाक्य ऐकवायचाच. “अर्थशास्त्र शिकून अजून तरी आपल्या घरात अर्थ आलेला नाही.” ते तिला इतकं झोंबायचं की, संस्थेच्या फलकावर गरजू विद्यार्थ्यांच्या साहाय्य निधीची सूचना लागली तशी तिने अर्ज आणला.

अर्ज पालकांनी स्वतःच्या हाताने भरायचा होता. रावसाहेबांनी चष्मा लावला. ‘कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न’ या रकान्यापाशी ते थांबले आणि आत वळून म्हणाले, “अंगणवाडीचं तुला म्हैन्याला सहाशेच मिळत्यात न्हवं?” मुक्ताई अंगणवाडीत मदतनीस होती. ती हो म्हणाली. रावसाहेबांनी बाराने गुणलं आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं, सात हजार दोनशे. बापाचं उत्पन्न कुठेच विचारलेलं नाही याचं त्यांना नवल वाटलं; पण कागद म्हटला की तो शहाण्यासारखा थोडाच वागणार.

शर्मिलाने ते वाचलं आणि तिला लगेच कळलं. न कळायला काय झालं? कुटुंब म्हणजे कोण, असं त्याच आठवड्यात सरांनी वर्गात विचारलं होतं आणि हिनेच हात वर करून सांगितलं होतं, एका चुलीवर जेवणारी सगळी माणसं. ‘आबा, चुकलं,’ एवढे दोन शब्द बोलायचे होते. पण पुढची दोन वर्षं राकेशचं ते वाक्य ऐकावं लागणार नाही, हे तिच्या डोक्यात आलं आणि तिने अर्जाची घडी घातली.

संस्थेत खिडकीमागे श्यामसुंदर नावाचे कारकून बसत. पुणेरी माणूस, शंका काढल्याशिवाय कागद घेणार नाही.

“सात हजार दोनशे? घरी जेवता, की रोज उपासच असतो?”

“वडिलांनी स्वतः लिहिलंय,” शर्मिला म्हणाली.

वाक्य अक्षरशः खरं होतं. खरं बोलून इतकं धडधडीत खोटं बोलता येतं, हे तिला त्या दिवशी समजलं. श्यामसुंदरांचा आवाज एकदम खाली आला. “बसा,” ते म्हणाले. “पाणी घ्या.” तिने पेला न पिताच खाली ठेवला.

निधी दोघांनाच मिळणार होता. कमी उत्पन्न आधी, अशा लावलेल्या यादीत शर्मिलाचं नाव पहिलं होतं आणि जरीनाचं तिसरं. जरीना वर्गात तिच्याच शेजारी बसायची. तिचे वडील शमशुद्दीन शिलाई मशीन दुरुस्त करत. त्यांनी अर्जात मुलगी शिकवण्या घेऊन मिळवायची ते पैसेसुद्धा उत्पन्नात धरले होते. महिन्याभरात जरीनाने प्रवेश रद्द केला आणि कॉल सेंटरची नोकरी धरली. जाताना तिने आपल्या वह्या शर्मिलासमोर ठेवल्या.

“तुला होतील. घरी एवढी ओढाताण, आणि कधी बोलली नाहीस गं. मलाच लाज वाटली, मी कशाला अर्ज केला म्हणून.”

शर्मिलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी पोचल्यावर चपला न काढताच तिने वडिलांना सगळं सांगितलं.

“म्हंजे मी खोटं लिवलं?” रावसाहेबांनी विचारलं.

“तुम्ही चुकून लिहिलंत, आबा. कुटुंब म्हणजे आपण सगळेच.”

रावसाहेब ओशाळले. मुक्ताईकडे बघून कसनुसं हसले. मग ते हसू गेलं. “आन तुला कवा कळलं?”

“तेव्हाच.”

रावसाहेब उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. रात्री जेवलेही नाहीत.

सकाळी त्यांनी कामावर दांडी मारली, इस्त्रीचा सदरा घातला आणि लेकीबरोबर संस्थेच्या खिडकीपुढे उभे राहिले. ‘कुटुंब’ या शब्दाचा घोटाळा ऐकून श्यामसुंदर म्हणाले, “होतं असं, काका. चूक झाली म्हणून लिहून द्या. त्या जरीनाला विचारून बघतो. येईलच असं काही सांगता येत नाही.”

रावसाहेबांनी कोरा कागद मागून घेतला आणि सावकाश लिहिलं, ‘माझ्या हातून ही चूक अजाणतेपणी झाली.’ खाली सही केली. मग कागद आणि पेन शर्मिलापुढे सरकवलं.

“माझ्यापुरतं अजाणतेपणी हाय,” ते म्हणाले. “खाली जागा सोडलीय. तुझं तू लिव.”

शर्मिलाने लिहिलं, ‘मला तेव्हाच माहीत होतं,’ आणि कागद खिडकीत दिला. श्यामसुंदरांनी तो वाचला, पुन्हा वाचला. या खेपेला ते बसा म्हणाले नाहीत.