चहातली गोळी

त्या रविवारी सकाळीच दार वाजलं आणि रालित्साच्या आईनं ते उघडलं. बाहेर एक बाई आणि एक माणूस उभे होते, गळ्यात ओळखपत्रं, हातात पेटी.

"रालित्सा आहे का घरी?"

"आहे की. झोपलीय अजून."

रालित्सा बल्गेरियाच्या संघातली वेटलिफ्टर. उत्तेजकांच्या तपासणीसाठी लघवीचा नमुना घेणारे कधीही, न सांगता दारात उभे राहतात, हे तिच्या अंगवळणी पडलं होतं. उठून पाणी प्यायला ती स्वयंपाकघरात आली, तर आई भिंतीला टेकून उभी, चेहरा पांढराफटक.

"काय गं?"

"काल बसच्या प्रवासानं तुझे पाय सुजले होते ना," आई कुजबुजली. "बाबांची ती अंगातलं पाणी काढायची गोळी... मी कुस्करून तुझ्या चहात टाकली. विचारलं असतं तर तू घेतली नसतीस."

वजन उतरवायला, दुसरी औषधं लपवायला खेळाडू हीच गोळी घेत. खेळात त्या गोळीवर सक्त बंदी होती.

बाबा मागून आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "परसातून निघून जा. एकदा सापडली नाहीस तर कुणी फाशी देत नाही."

"आईनं आत्ताच सांगितलंय मी घरात आहे म्हणून. आता पळाले तर चार वर्षं खेळातून बाहेर."

"मग ताप आलाय म्हण."

"बाबा, गप्प बसा जरा."

बाई तिच्याबरोबर न्हाणीघरात आली. नियमच तसा, नजर हलवायची नाही. रालित्सा पेला धरून बसली, पण लघवी काही केल्या होईना. ती बाहेर आली, तांब्याभर पाणी प्याली, पुन्हा आत गेली. बऱ्याच वेळानं कसाबसा नमुना जमला. तिनं स्वतःच्या हातानं दोन बाटल्या भरून झाकणं आवळली.

"गेल्या आठवड्यात काही औषध?" माणसानं विचारलं.

एकच तर गोळी. कदाचित कळणारही नाही. दारात आई पदरासारखा एप्रन पिळत उभी होती.

"एक गोळी," रालित्सा म्हणाली. "बाबांची. पाणी काढायची."

"तिला ठाऊक नव्हतं," आई पुढे आली. "मी घातली चहात."

माणसानं लिहून घेतलं. "सांगितलंत ते बरं केलंत. पण तेवढ्यानं सुटका होईलच असं नाही, मुली."

त्यानंतर फोन वाजला की घरात तिघांचेही घास तोंडातच थांबत. शेवटी तो फोन आलाच. नमुन्यात गोळी सापडली होती.

सोफियात सुनावणी झाली. आई चर्चला जायचा ठेवणीतला कोट घालून समितीपुढे बसली.

"मुलीला वाचवायला हे सांगताय?" एकानं विचारलं.

"वाचवते कसली? बुडवलं तर मीच."

आठ महिन्यांची बंदी झाली. वसंतातली युरोपियन स्पर्धा हुकली. क्लबच्या हॉलमध्येही पाऊल टाकायचं नव्हतं, म्हणून रालित्सा मामाच्या गॅरेजमध्ये एकटीच वजनं उचलू लागली. आईशी ती बोलायची, पण तिच्या हातचा पेला घेताना क्षणभर थांबायची. आईला ते दिसायचं.

बंदीतही तपासणी चुकत नसे. नमुनेवाले दोनदा आले. दोन्ही वेळा ते जाईपर्यंत आई अंगणात उभी राहिली, थंडीत, कोट न घालता.